वाजविणाऱ्याचा हिशेब

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी बँकेत लिपिक असल्यामुळे कार्यकर्त्यांनी मला ‘बचत आणि बँकेच्या योजना’ या विषयावर बोलायला सांगितले होते. तो विषय मी सोडणार नाही, परंतु थोड्या आडवाटेने तेथे पोहोचणार आहे. आपण सर्व जण माझ्याकडे पाहत आहात म्हणून आपल्या लक्षात आले नसेल, पण या व्यासपीठाच्या डाव्या कोपऱ्यात, पडद्याला टेकून, चार माणसे सकाळपासून बसलेली आहेत. एकाच्या मांडीवर ढोलकी आहे. कीबोर्डवर जुनी चादर टाकलेली आहे. मघाशी चहा आला तेव्हा तो पहिल्या रांगेपासून वाटत वाटत मागे गेला आणि संपला. त्या कोपऱ्यात पोहोचलाच नाही. मला आज या चौघांविषयी आणि त्यांच्यासारख्यांविषयी बोलावयाचे आहे.

ज्याला मासिक पगार नाही, मालक नाही, दुकान नाही, जो बोलावणे येईल तेथे जाऊन वाजवतो किंवा गातो आणि त्यावर घर चालवण्याचा प्रयत्न करतो, अशा माणसाला सरकारी फॉर्मात नाव नाही. आपल्याकडे मात्र त्याच्या धंद्याचे शब्द सर्वांना माहीत आहेत. कार्यक्रम ठरला की ‘सुपारी’ आली म्हणतात. आगाऊ रक्कम मिळाली तर तो ‘विसार’. कार्यक्रमानंतर हातावर पडते ती ‘बिदागी’, आणि समाजाचा कार्यक्रम असेल तर तिलाच आपण ‘मानधन’ म्हणतो. माझा अनुभव असा आहे की, शब्द जितका मानाचा, तितकी रक्कम लहान.

आपल्या या दोन तालुक्यांत वाजविणाऱ्यांचे प्रकार तरी किती! तारपा आहे. वाळलेला दुधी भोपळा, बांबूच्या नळ्या, ताडाच्या पानांचा कर्णा आणि हे सारे सांधायला मेण, एवढ्यातून ते वाद्य तयार होते. तारपकरी श्वास न तोडता वाजवतो. गाल फुगलेले ठेवायचे, नाकाने श्वास आत घ्यायचा आणि तोंडाने फुंक चालूच ठेवायची. रात्रभर नाचणारे दमतील तर हात सोडून बाजूला होतात, दुसरा त्यांची जागा घेतो. तारपकऱ्याची जागा घ्यायला दुसरा सहसा नसतो. तो थांबला की नाच थांबला. मग संबळ आणि पिपाणी आहे. मोखाड्याचा बोहाडा आपण सर्वांनी पाहिलेला आहे. उन्हाळ्यातल्या त्या रात्री मुखवट्याची सोंगे एकामागून एक येतात, तेव्हा संबळ वाजल्याशिवाय एकही सोंग पाऊल उचलत नाही. वारली समाजातल्या लग्नात धवलेरी असते. ती बाई गाणी म्हणते आणि त्या गाण्यांनीच लग्न लागते, भटजी लागत नाही. तिलाही बोलावणे येते, तीही चालत दुसऱ्या पाड्यावर जाते. तिला कलावंत म्हणायचे हे आपल्याला सुचतसुद्धा नाही. आणि मग आपल्या वस्तीतली गायन पार्टी, बेंजो पार्टी, बँड. हे सगळे एकाच वाटेचे प्रवासी आहेत.

यांचे वर्ष कसे जाते ते सांगतो. कारण आपल्याला त्यांची एक रात्र दिसते, वर्ष दिसत नाही. पावसाळ्यात आपल्याकडे काही वाजत नाही. जून ते सप्टेंबर माणूस नागली, वरई आणि भाताच्या चिखलात असतो. ज्याची स्वतःची जमीन नाही तो दुसऱ्याच्या चिखलात असतो. गणपतीत दोन-चार आरत्यांना ढोलकी लागते, तेवढेच. नवे पीक हाताशी आले की तारपा निघतो. दसरा-दिवाळीचे दिवस त्याचे. दिवाळी झाली की आपल्या तालुक्यांतली निम्मी घरे कुलूप लावून वीटभट्टीवर जातात, भिवंडीकडे, वसईकडे. वाजविणाराही जातो. मला एक पिपाणीवाले आजोबा ठाऊक होते, ते भट्टीवर जाताना पिपाणी घरी ठेवत नसत, कपड्यांत गुंडाळून नेत. विचारले तर म्हणाले, “घरी ठेवली तर उंदीर खातील.” परंतु तेथे ती कधी वाजवली का, यावर काही बोलले नाहीत. शिमग्याला माणसे परत येतात. मग बोहाडा, मग १४ एप्रिल, मग लग्नसराई, बुद्धपौर्णिमा. मार्चच्या मध्यापासून जूनच्या पहिल्या पावसापर्यंतचे हे जेमतेम अडीच-तीन महिने. याच दिवसांत वर्षाची कमाई करावयाची. आणि अडचण अशी की सगळ्यांना एकाच तारखेला वाजविणारे हवे असतात. जयंतीच्या दिवशी एका ढोलकीवाल्याला पाच गावांची बोलावणी असतात, आणि ऑगस्टमध्ये त्याच्याकडे कोणी फिरकत नाही.

आता एका रात्रीचे सांगतो. माझे चुलतभाऊ गायन पार्टीत कोरसला आणि कधी मंजिरीला असतात. त्यांच्याबरोबर मी एकदा खोडाळ्याच्या बाजूला गेलो होतो. दुपारी तीनला टेम्पो भरायला घेतला. दोन साउंड बॉक्स, मिक्सर, कीबोर्ड, पॅड, ढोलकी, वायरींची पिशवी. ढोलकी कोणी बॉक्सच्या खाली ठेवत नाही, ती माणसाच्या मांडीवर प्रवास करते. जव्हारहून निघून मोखाडा ओलांडून पोहोचायला संध्याकाळ झाली. मंडप अजून बांधायचा होता. लाईट गेलेली. जनरेटरवाला येतो म्हणाला आणि साडेआठला आला. जेवणाचे विचारले तर “पाहुण्यांची पंगत उठली की बसा” असे उत्तर. कार्यक्रम साडेनऊला उभा राहिला आणि दहाला पोलीसपाटील आले. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले, त्यानुसार रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद. ठरावीक दिवस सरकार बारापर्यंत सूट देते, पण त्या रात्री ती नव्हती. नियम योग्यच आहे, घरात आजारी माणसे असतात. परंतु अर्ध्या तासाचाच कार्यक्रम झाला म्हणून संयोजकांनी बिदागी अर्धी केली. जनरेटरवाल्याला मात्र पूर्ण दिली, कारण तो उभ्या उभ्या भांडला.

परतताना टेम्पोत हिशेब झाला. आधी टेम्पोचे भाडे, मग डिझेल, मग साउंडवाल्याचे. उरलेल्यात गायकाचे दोन वाटे, ढोलकीचा दीड, कीबोर्डचा दीड, बाकीच्यांचा एकेक. हा वाटा प्रत्येक पार्टीत वेगळा असतो, पण पद्धत हीच. माझ्या चुलतभावाला त्या रात्री जे मिळाले त्यापेक्षा त्याच दिवशी रोजगार हमीच्या कामावर गेला असता तर जास्त मिळाले असते. मी तसे बोललोही. तो हसून म्हणाला, “तिथं कोणी वन्स मोअर म्हणत नाही.” पहाटे चारला घरी, आणि सकाळी दहाला तो दुसऱ्याच्या घराच्या कौलांवर चढलेला मी पाहिला. कारण लग्नसराई असो वा नसो, गवंड्याच्या हाताखालचे काम सुटले तर पुन्हा मिळत नाही.

येथे मला आमच्या घरातली गोष्ट सांगितली पाहिजे. ती थोडी अवघड आहे. आमचे मूळ गाव त्र्यंबकच्या बाजूचे. तेथून आजोबा मोखाड्यात आले. आजोबा संबळ वाजवीत. गावात लग्न असो, देवाची पालखी असो, त्यांना बोलावणे येई. बोलावणे म्हणजे हुकूमच. मांडवाच्या बाहेर उभे राहून वाजवायचे, जेवण शेवटी, तेही वेगळे, आणि मोबदला म्हणून पायलीभर धान्य किंवा उतरवलेले धोतर. ती कला होती की वेठ होती? दोन्ही होती. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर आपल्या लोकांनी गावकीची कामे टाकली. पुढे १९५८ च्या कायद्याने वतनेही गेली. आजोबांनी संबळ माळ्यावर ठेवला आणि पुन्हा हात लावला नाही. गावच्या लोकांनी धमकावले, मग गोड बोलून पाहिले, आजोबा बधले नाहीत. वडील सांगत की त्या वर्षी घरात धान्याची फार ओढ झाली. आजोबांचा निर्णय बरोबर होता, याविषयी माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. मी आज नोकरीत आहे, त्यामागे तो निर्णय आहे.

परंतु मी लहान असताना एक गोष्ट पाहिली आहे. आजोबा शेवटच्या दिवसांत खाटेवर पडून असत. बाहेर कोणाच्या लग्नाची वरात चालली की त्यांची बोटे गोधडीवर चालत. दोन्ही हातांची, वेगवेगळी. वाजविणारा कुठे चुकला तर ते डोळे मिटूनच नाक मुरडीत. माळ्यावरचा संबळ त्यांनी फोडून टाकला नव्हता, विकलाही नव्हता. मला वाटते, त्यांना वाजविणे सोडायचे नव्हते, मांडवाच्या बाहेर उभे राहणे सोडायचे होते. या दोन गोष्टी एकमेकींपासून सुट्या करण्याची सोय त्या काळी त्यांना कोणी दिली नाही.

ती सोय पुढे आपल्या शाहिरांनी आणि गायकांनी करून घेतली. वामनदादा कर्डकांचे उदाहरण आपणा सर्वांस ठाऊकच आहे. १९२२ साली सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत जन्मलेला हा माणूस, लिहावाचायला मोठेपणी शिकला आणि पुढे २००४ पर्यंत, म्हणजे देह ठेवीपर्यंत, गावोगाव गात फिरला. आज त्यांची गाणी ज्याच्या तोंडी नाहीत असा माणूस या सभागृहात सापडणार नाही. प्रल्हाद शिंदे यांचे आईवडील गाऊन पोट भरणारे. स्वतः प्रल्हाददादांनी भीमगीते गायिली, कव्वाली गायिली आणि विठ्ठलाची भक्तिगीतेही गायिली. यावरून आपल्यातले काही लोक नाके मुरडतात. मी त्यांना विचारतो, गायकाने वर्षातले किती दिवस उपाशी राहावे अशी आपली अपेक्षा आहे? विठ्ठल उमप तर नोव्हेंबर २०१० मध्ये नागपूरला, कार्यक्रमासाठी मंचावर असतानाच गेले. त्यांचे वय तेव्हा ७९ होते. आपण त्याला भाग्याचे मरण म्हणतो. असेलही. माझ्यासारख्या नोकरदाराच्या मनात मात्र येते की, आपल्याला ५८ किंवा ६० ला निवृत्ती आहे.

आपल्या जव्हार तालुक्याचेच पाहा. वाळवंडा येथील तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा यांना २०२६ च्या प्रजासत्ताक दिनाच्या पूर्वसंध्येला पद्मश्री जाहीर झाली. नव्वदीच्या घरातला हा माणूस. आपल्या सर्वांना अभिमान वाटला, माझ्या शाखेत आम्ही पेढे वाटले. पण पेढा खाताना एका शेतकरी खातेदाराने विचारले, “एवढी वर्षं वाजवलं, आता मिळाली. मधी काय खाल्लं असंल?” त्या प्रश्नाचे उत्तर पेढे वाटणाऱ्या कोणापाशी नव्हते. ज्यांना पद्मश्री मिळणार नाही अशा शेकडो जणांना तर हाच प्रश्न दररोज असतो.

आता माझ्या काउंटरकडे येतो. बँकेत खाते उघडताना व्यवसाय लिहावा लागतो. फॉर्मात चौकोन असतात: नोकरी, व्यापार, शेती, गृहिणी, विद्यार्थी, निवृत्त, इतर. पंचवीसेक वर्षे ढोलकी वाजविणाऱ्या एका माणसाचा फॉर्म मी स्वतः भरला. (ते आज येथे बसलेले नाहीत, म्हणून सांगतो.) त्यांना मी विचारलेदेखील नाही, ‘इतर’वर खूण करून मोकळा झालो. मग २०१५ साली मुद्रा योजना आली. शिशु गटात ५० हजारांपर्यंत कर्ज, तारण लागत नाही. ते आले. पुतण्यासाठी कीबोर्ड घ्यायचा होता, कारण सध्या कीबोर्डशिवाय पार्टीला सुपारी मिळत नाही. वर दुकान कोठे आहे, पावत्या आहेत का, मासिक उत्पन्न किती, असे विचारले गेले. मासिक उत्पन्न! मे महिन्याचे सांगावे की ऑगस्टचे? त्यांनी खरे ते सांगितले. अर्ज मागे पडला. माझे वरिष्ठ वाईट नव्हते, नियमाच्या चौकटीत माणूस बसत नव्हता एवढेच. चौकटीत बसवून देण्याचे काम माझे होते, आणि तो अर्ज नीट कसा मांडावा हे मला आज जितके कळते तितके तेव्हा कळले नाही. त्यांनी कीबोर्ड शेवटी सावकारी व्याजाने घेतला.

त्यानंतर २०२० आले. २५ मार्चला टाळेबंदी लागली. म्हणजे वर्षाच्या कमाईचे जे अडीच-तीन महिने मी मघाशी सांगितले, नेमके तेच गेले. जयंती आपण घरात दिवे लावून साजरी केली, ते योग्यच केले. २०२१ ला पुन्हा तेच. दोन हंगाम. कीबोर्डचे व्याज मात्र टाळेबंदीत थांबले नाही. त्या उन्हाळ्यात ढोलकीचे ते मास्तर मला बाजारात भाजी विकताना दिसले. मी रस्ता बदलला. का बदलला ते पुढे सांगतो.

मी आपल्याच जयंती समितीचा काही वर्षे खजिनदार होतो. बँकेतला माणूस म्हणून हिशेब माझ्याकडे. मंडपवाल्याशी घासाघीस करून उपयोग नाही, त्याचा दर ठरलेला. डीजेवाला विसाराशिवाय वायर जोडत नाही. हाराची, नाश्त्याची, बॅनरची बिले चोख. मग बजेट कोठे बसवायचे? वाजविणाऱ्यांत. “अहो, बाबासाहेबांचं काम आहे, समाजाचं काम आहे, समजून घ्या.” हे वाक्य मी दरवर्षी बोललो. ते दरवर्षी समजून घेत. एका वर्षी ठरलेल्यापेक्षा बरीच कमी रक्कम पाकिटात घालून मी त्या मास्तरांच्या हातात दिली आणि वर सत्काराची शाल पांघरली. त्यांनी पाकीट तेथे उघडले नाही. कलावंत माणूस चारचौघांत पाकीट उघडत नाही, हे मला ठाऊक होते. शालीची किंमत आणि पाकिटातली तूट यांत फारसा फरक नव्हता, हेही मला ठाऊक होते, कारण दोन्ही आकडे माझ्याच वहीत होते. बाजारात मी रस्ता बदलला तो यासाठी.

आजोबांना गावाने मांडवाच्या बाहेर उभे केले होते. आम्ही मास्तरांना मांडवात घेतले, शाल दिली, आणि पायलीभर धान्याऐवजी पाकीट दिले. यात फरक नाही असे मी म्हणत नाही. फरक मोठा आहे. पण आजोबांना तो पुरेसा वाटला असता का, याची मला खात्री नाही.

आता ज्या विषयासाठी मला बोलावले तो. येथे बसलेल्या कलावंत बंधूंना माझे काही सांगणे आहे. बिदागी शक्य तेथे खात्यावर घ्या. आता खेड्यातही मोबाईलवरून पैसे येतात. रक्कम लहान असो, दोन-तीन वर्षांच्या नोंदी पासबुकात दिसल्या की अर्जाला आधार मिळतो, तोंडी सांगण्याला मिळत नाही. पत्रिका, हँडबिल, वर्तमानपत्रातले कात्रण, फोटो, मंडळाची पत्रे जपून ठेवा. राज्य सरकारची ज्येष्ठ कलावंतांच्या मानधनाची योजना आहे, आता तिला राजर्षी शाहू महाराजांचे नाव दिले आहे. २०२४ पासून तिची रक्कम महिना ५ हजार रुपये झालेली आहे. वयाची पन्नाशी लागते आणि कलेच्या कामाचा पुरावा लागतो. आपल्याकडे पन्नाशी असते, काम असते, पुरावा नसतो. कारण ज्याने उभा जन्म वाजवले त्याच्याकडे एक पावती नसते. ती कोण देणार होते? आम्हीच, समितीवाले. असंघटित कामगारांची ई-श्रम नोंदणी २०२१ पासून सुरू आहे, तीही करून घ्या. २०२३ साली केंद्राची विश्वकर्मा योजना आली, तिच्या १८ व्यवसायांत सुतार आहे, कुंभार आहे, शिंपी आहे, पण वाजविणारा नाही. तेव्हा तेथे हेलपाटे घालू नका, टेम्पोचे भाडे वाया जाईल.

आणि समितीवाल्यांना. विसार द्या, तो लेखी द्या. कार्यक्रम पावसाने, पोलिसांनी किंवा पुढाऱ्याच्या उशिराने आखडला तर बिदागी कापू नका, पुढारी कलावंताने बोलावलेला नसतो. जेवण कार्यक्रमाच्या आधी द्या, भरल्या पोटी गाता येत नाही म्हणतात ते खरे असेल, पण ते गायकाला ठरवू द्या. कोणाला फुकट वाजवायचे असेल, दान द्यायचे असेल तर त्याने पाकीट घेतल्यावर स्वतःच्या हाताने दानपेटीत टाकावे. आपण त्याच्या वतीने आधीच दान करून टाकू नये.

गेल्या वर्षी मी खजिनदारपद सोडले. सोडण्यापूर्वी जुन्या वह्या काढल्या आणि मास्तरांना दरवर्षी कमी दिलेले किती, ते एका कागदावर मांडले. समितीपुढे ठेवले. थोडी कुरकुर झाली. एक ज्येष्ठ म्हणाले, अशी जुनी मढी उकरली तर मंडपवालाही येईल. शेवटी रक्कम मंजूर झाली. मी आणि माझे चुलतभाऊ ती घेऊन त्यांच्या घरी गेलो. मी व्हाउचर भरत होतो, ‘तपशील’ या रकान्यापाशी थांबलो आणि या वेळी विचारले, “मास्तर, काय लिहू?” त्यांनी माझ्याकडून पेन घेतले, स्वतः लिहिले: ‘ढोलकी वादन, मागील बाकी.’ सही केली. पैसे मोजले, माझ्यासमोर, दोनदा. मग चहा झाला. मी निघताना ते म्हणाले, “भाऊसाहेब, त्या कागदाची एक झेरॉक्स द्या. मानधनाच्या फायलीला लावतो.”

ती मी दुसऱ्या दिवशी नेऊन दिली. त्यांची फाईल सध्या तालुक्याला आहे.

कोपऱ्यातल्या चौघांचा चहा राहिला आहे, कार्यकर्त्यांनी तेवढे पाहावे. जयभीम.